जहाजाची रांग

जहाजात बसायचं नाही, हे नातीने मला पार्किंगमध्ये सांगितलं, भरीत-पुरी खाताना. आत घरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही गाडीच्या डिकीपाशी उभ्या उभ्याच जेवण उरकत होतो. मुलगा आणि सून नातवाच्या शर्टावर सांडलेलं तेल पुसण्यात गुंतले होते. तेवढ्यात नातीने माझा पदर ओढला. मी वाकले.

"आजी, मी नाही बसणार त्यात. पण दादाला सांगू नको."

"मग पप्पांना सांग."

"पप्पा दादाला सांगतात."

हे मात्र खरं होतं. माझ्या मुलाच्या पोटात लहानपणापासून काही राहत नाही.

हे जहाज पाण्यातलं नव्हे. दोन दांडग्या लोखंडी खांबांमध्ये टांगलेलं, झोक्यासारखं मागेपुढे जाणारं, आणि शेवटी शेवटी तर आभाळाला पाय लावणारं. आम्ही या पार्कमध्ये जायचं ठरलं त्या दिवसापासून नात सगळ्यांना सांगत सुटली होती की मी जहाजाच्या शेवटच्या बाकावर बसणार, तेही हात सोडून. शाळेत सांगून झालं, रिक्षावाल्या काकांना सांगून झालं, जळगावला पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानातही ही बातमी पोचली होती. तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा भाऊ रोज एकच म्हणायचा, "बसशील तर खरी! रडशील तिथं." तो जितका चिडवायचा, तितके हिचे हात आणखी वर सुटायचे. आता माघार कशी घेणार? सात वर्षांच्या माणसाची इज्जत ही काही साधी गोष्ट नसते.

"बघते मी," मी म्हटलं. काय बघणार होते, देव जाणे.

आत गेल्यावर ती छोट्या आगगाडीत बसली, लाकडी घोड्यावर बसली, बदकांच्या पाळण्यात बसली. पण तिचा एक डोळा कायम जहाजाकडे. मी मनातल्या मनात वीज जाण्याची वाट बघत होते. एरवी आमच्याकडे ती जायला निमित्त लागत नाही. त्या दिवशी मात्र मेली हलायलाच तयार नाही.

शेवटी मुलाने हाक दिलीच. "चला रे, जहाज!"

रांगेच्या तोंडाशी एक रंगवलेला लाकडी जोकर उभा होता, एक हात आडवा पसरून. ज्याचं डोकं त्या हाताला लागेल तोच आत. जरा लहानखुऱ्या पोरांच्या आया कामाला लागल्या होत्या. एक आई मुलाचे केस पाण्याने उभे करत होती. दुसरी कुजबुजत होती, "पंजांवर उभा राहा, पंजांवर!" मी लांबूनच नातीची उंची डोळ्याने मापली. पोरगी जोकरच्या हाताच्या चांगली वर जात होती. रोज सकाळी खारकेचं दूध मीच पाजलं होतं ना.

आणि मग मला आठवल्या माझ्या सासूबाई.

लग्नानंतर धुळ्याला, देवपुरात माहेरी जायचं म्हणजे एसटी, आणि न्यायला-आणायला सासूबाई. पोर मांडीवर, पिशवी पायाशी. कंडक्टर येताना दिसला की सासूबाईंचे हात चालू व्हायचे. पोराचे पाय दुमडून खाली घ्यायचे, डोकं मांडीवर, वर शाल. चांगला दांडगा पोरगा बघता बघता तान्हा व्हायचा. आणि मी? मी मॅट्रिक झालेली! शाळेत फळ्यावर रोजचा सुविचार माझ्या अक्षरात असायचा, आणि तो माझ्या डोक्यातून अजून पुसला गेला नव्हता. एकदा धुळ्याहून परतताना कंडक्टरने विचारलं, "केवढा आहे?" सासूबाई म्हणाल्या, "आत्ते तं चालाले शिकना पोऱ्या." आणि खिडकीशी मान ताठ करून बसलेली मी खणखणीत आवाजात बोलले, "सहा पूर्ण झालीत. चैत्रात सातवं सरेल."

सगळी बस हसली. पोरगाही शालीतून डोकं काढून हसला. कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं. जळगाव येईपर्यंत सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. स्टँडवर उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "कोर्टमा साक्ष दी ऱ्हायनी व्हती का तू?" मला तेव्हा स्वतःचा कोण अभिमान वाटला होता! आज ती मॅट्रिकवाली पोरगी मला बसमध्ये भेटली, तर तिचेही पाय दुमडून वर शाल टाकीन.

शालीतला तो पोरगा आता माझ्यापुढे रांगेत उभा होता, टक्कल पडायला आलेला, नातीचा बाप. त्याची पाठ आहे तोवर मी कामाला लागले. नातीची डोक्यावरची शेंडी सोडली, बाटलीतल्या पाण्याने केस चपटे बसवले. जाड तळव्याचे सँडल काढायला लावले. मग कानात म्हटलं, "गुडघे थोडे वाकव. फ्रॉक घेरदार आहे, दिसत नाही."

पोरगी क्षणात शिकली. मागची बाई न राहवून म्हणाली, "मावशी, तुम्ही उलटं करताय!"

"आमच्याकडे असंच करतात," मी म्हटलं.

जोकरपाशी आलो. नातीचं डोकं त्याच्या हाताच्या बरंच खाली होतं. शिट्टीवाल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "बाळा, सरळ उभी राहा बरं."

आणि ती उभी राहिली! ताठ, मान वर करून, शाळेच्या प्रार्थनेला राहतात तशी. त्या क्षणी मला कळलं की पोरगी माझ्यावर गेली आहे.

"बसते ही," तो म्हणाला. "या आत."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरायला आले होते. आता विचार करायला वेळ नव्हता. मी कठड्याला धरलं आणि तिथेच फरशीवर बसले.

"गरगरतंय रे मला."

नात पहिली धावली, दोरीखालून. "मी थांबते आजीजवळ!" तिच्यामागे मुलगा. "थांब थांब, मी थांबतो, आई माझी आहे." इतक्या चपळाईने तो कधी माझ्या औषधालाही उठला नव्हता. नातू एकटाच पुढे राहिला. त्याने वर गेलेल्या जहाजाकडे पाहिलं, किंचाळणाऱ्या माणसांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मी आजीला पाणी देतो." तोही बाहेर.

तिघंही माझ्याभोवती उभे. तिघांच्या चेहऱ्यावर असा तजेला, जणू चक्कर त्यांना आली होती आणि मी उतरवली.

म्हणजे बसायचं कोणालाच नव्हतं! नात बोलून बसली म्हणून रांगेत, नातू चिडवून बसला म्हणून, आणि मुलगा पोरांचा बाप म्हणून.

भीती होती ती सुनेची. ती हुशार आहे. तिने माझा हात धरून नाडी पाहिली. "आई, नाडी तर मस्त चाललीय तुमची."

मी एक डोळा बारीक केला. तिने तिघांकडे नजर टाकली, मग जहाजाकडे. सकाळपासून ती टॉवेल, बाटल्या आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत फिरत होती. तिने खांद्यावरची पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"मग मी जाऊन येऊ?"

"जा ना बाई. विचारतेस काय!"

ओढणी कमरेला खोचून ती गेली आणि शेवटच्या बाकावर बसली. जहाज झुलायला लागलं, वर गेलं, आणखी वर गेलं, आणि तिने दोन्ही हात सोडून अशी काही आरोळी ठोकली की पोरं दचकली.

"मम्मी आहे ती?" नातवाने विचारलं.

"मम्मीच शे," मी म्हटलं.

जहाज थांबलं, तर ही उतरून थेट पुन्हा रांगेत. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या खेपेनंतर आली तेव्हा केस सगळे तोंडावर, आवाज बसलेला.

"मम्मी, भीती नाही वाटली?" नातीने विचारलं.

"वाटली ना! खूप वाटली."

"मग?"

"मग काय, ओरडले."

नातीने मम्मीच्या तोंडावरचे केस बाजूला केले. मग भावाकडे तोंड करून म्हणाली, "मलापण वाटत होती. आधीपासूनच. म्हणून मला बसायचं नव्हतं."

आता हा हसणार, म्हणून मी तयारीत बसले. तो चपलेच्या टोकाने माती उकरत होता.

"हो का," तो म्हणाला. "मला वाटलं मलाच."

नातीने असा मोठा श्वास सोडला की तिच्या कपाळावरचे चपटे केस उडाले. पुढच्या मिनिटाला दोघं बदकांच्या पाळण्याकडे पळाली, आणि सून त्यांच्या मागे, हातात एकही चप्पल न घेता.

मुलगा माझ्याजवळ येऊन फरशीवर बसला.

"आई, बरं वाटतंय ना आता?"

"मला वाटतंय," मी म्हटलं. "तुला?"

"लई बरं वाटतंय," तो म्हणाला आणि चहा शोधायला उठला.