साखर वितळत नाही

कमलनगरपासून संतपूरपर्यंत चहात साखर घालणारा एकही माणूस आमच्या रसायनशास्त्राच्या सरांच्या तावडीतून सुटला नसेल. ‘साखर वितळली का बघ’ एवढं कुणी म्हणायचा अवकाश, सर उठलेच. “वितळत न्हाई, विरघळती! वितळायला तिला कोरडीच चुलीवर ठेवावं लागतंय!” एका लग्नात त्यांनी हे आचाऱ्याला इतकं मन लावून समजावलं, की पाक करपला आणि वऱ्हाड गुलाबजामाविना जेवलं. सर मात्र खुशीत. आचाऱ्याला फरक कळला होता.

वर्गात पहिली यायचे मी. सरांनी एकदा विचारलं, उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत काय असतं? मी ताडकन सांगितलं, “हायड्रोजन आणि ऑक्सिजन!” सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. सर मटकन खुर्चीत बसले. “बाई, मग तुझी आई चहा ठेवायली की घर उडायला पायजे की गं!”

त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं. रेणू एकमेकांना कसे धरून असतात हे कळल्याशिवाय पुढचा धडा नाही. तीन आठवडे गेले. प्राचार्य नोटिशीची भाषा करू लागले, आणि एके सकाळी चिंताकीहून माझे अप्पा शेतातले तसेच थेट वर्गाच्या दारात उभे राहिले. मला लाजेनं मान वर करवेना.

“सर, परीक्षा जवळ आली. पोरीला अजून पाण्यातच कामून बसवायलाव?”

सर उलट खूश झाले. “अप्पा, तुरीवर निंबोळीचं तेल फवारताना पाण्यात कसं मिसळताव?”

“नुस्त्या पाण्यात कुठं मिसळतंय? वरच तरंगतंय. साबणाचं पाणी घातलं की दुधावानी होतंय.”

“कामून?” सर माझ्याकडे वळले.

मी अडखळत बोलू लागले. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, तेलाला आत घेत नाहीत. साबणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. बोलता बोलता थांबले. “सर, म्हणजे उकळताना रेणू मोडत न्हाईत! नुस्ते एकमेकांना सोडत्यात. बुडबुड्यात पाण्याचीच वाफ!”

सरांनी अप्पांना मिठीच मारली. नोटीस बारगळली, कारण अप्पाच प्राचार्यांना जाऊन भेटले.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मी भेटायला गेले. सरांनी माझ्या चहात साखर घालून ढवळली. मग म्हणाले, “तुमच्या आधी वीस वर्षं मीबी नुस्तं पाठच करून घेतलं गं. ती पोरं आता कुठं असतील? त्यांना कसं सांगू?”