प्रताप नगर ते खापा: ओला फडका, चिरलेली टोपी आणि माझी नेलपॉलिश

अट मीच घातली होती, हे आधीच कबूल करते. बाबांची जुनी पांढरी गाडी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि घरातली पार्किंगची एकुलती एक जागा तिच्या ताब्यात आहे. माझी नवी गाडी बाहेर करंजाच्या झाडाखाली, पक्ष्यांच्या हवाली. लग्नाच्या फोटोंसाठी जुन्या गाड्या भाड्यानं देणारा एक माणूस ती घ्यायला तयार होता. म्हणून म्हटलं, "बाबा, खाप्याला आत्याकडे जेवून येऊ. वाटेत टोचन लागलं, म्हणजे दोर बांधून ओढत आणावी लागली, तर गाडी विकायची. नाही लागलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"मंजूर," बाबा म्हणाले. ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. पुढचे दोन दिवस ते बॉनेटखालून जेवणापुरतेच बाहेर आले. मी तोवर मनातल्या मनात गाडी विकून, जागा झाडून मोकळी झाले होते.

रविवारी सकाळी साडेसातला नागपूरहून निघालो. एप्रिलात जाणार असाल तर साडेपाचलाच निघा, कारण वाटेत तर्री-पोह्यांना थांबल्याशिवाय राहवत नाही. तर्री अशी, की डोळे पुसत पुसत मी दुसरी प्लेट मागवली. खापा तसा तास-सव्वा तासाचा रस्ता. आम्हाला किती लागला ते पुढे कळेलच.

इथं बाबांचा उन्हाळी शिरस्ता सांगायला हवा. जुन्या गाड्यांत गर्मीनं इंजिनजवळच्या इंधनपंपातच पेट्रोल उकळतं आणि गाडी अडून बसते, म्हणून पंपावर ओला फडका गुंडाळायचा. आमच्या घरी कूलर लागला, की त्याच दिवशी फडकाही लागतो. शिवाय टाकी भरायची नाही, "भरली की जास्त उकळते," हे बाबांचं स्वतःचं शास्त्र. पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावरच अडकलाय, त्यामुळे त्यांना खोटं पाडायचीही सोय नाही.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या आणि गाडी खोकली. मग मागून 'फट्ट' असा आवाज झाला, रस्त्याकडेची बकरी उडाली आणि गाडी बंद पडली.

"पेट्रोल उकळून राहिलं," बाबांनी जाहीर केलं आणि बाटलीभर पाणी फडक्यावर ओतलं. दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. दोन किलोमीटरवर पुन्हा फट्ट, पुन्हा बाटली. तिसऱ्यांदा एका रसवंतीसमोर थांबलो, तिथं सल्लागार जमले. "काका, पंपावर पाणी टाका नं," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं मगभर पाणी आणलं. रसवंतीवाल्यानं तर बर्फाचं पाणी दिलं, तेही फुकट. इंजिनची पार आंघोळ झाली. त्यानंतर गाडीनं फट्ट करणंही सोडलं. स्टार्टर फिरायचा, इंजिन काही पेटेना.

मी फोनवर टोचनवाल्याचा नंबर काढून ठेवला होता, खोटं कशाला बोलू? बाबांनी तो पाहिला.

"लावते काय वं फोन?"

"अजून नाही," मी म्हटलं.

रसवंतीवालाच म्हणाला, "समोर मजीदभाई मोटारपंप दुरुस्त करतात. त्यांले दाखवा." साठीचे मजीदभाई तोंडात काडी घेऊन आले. गाडीच्या पंपाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कॉइलची जाड वायर उपटून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. "बेटी, चाबी मार." टिक-टिक करत निळी ठिणगी उडाली. मग एका प्लगची वायर तशीच धरली, तर तिथं काहीच नाही.

"करंट इथून निघून राहिला, तिथं पोचून नाही राहिला. मधातच कोणीतरी खाऊन राहिलं."

मधे असतो डिस्ट्रिब्यूटर, आमच्या गाडीत त्या ओल्या फडक्याच्या बरोब्बर खाली. वर मुठीएवढी काळी टोपी, तिच्यातून चार प्लगना चार वायरी आणि मधली कॉइलची. प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणं एवढंच त्याचं काम. मजीदभाईंनी दोन क्लिपा काढून टोपी उलटी केली. चमचाभर पाणी खाली पडलं.

"हे पाणी कोणं टाकलं?"

 रसवंतीवाला एकदम ग्लास धुवायला आत गेला.

टोपीच्या आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ होती. "तापल्या टोपीवर थंडं पाणी टाकसान तं चिरनच," मजीदभाई म्हणाले. "आता करंट प्लगवर न जाता या चिरेतून पळून राहिला." नवी टोपी नागपुरात, तीही सोमवारी. त्यांनी चाकूनं रेघ खरवडली, टोपी पुसून उन्हात ठेवली आणि माझ्याकडे वळले. "यावर नेलपॉलिश लावा लागते. हाये काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच शेताकडे बघायला लागले.

पर्समध्ये दोन बाटल्या होत्या. 'नाही' म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. बाबांनी मागितली असती तर मी भांडलेही असते, पण त्यांनी मागितलीच नाही, याचाच मला राग आला. माझ्या बाजूच्या सीटची स्प्रिंग टोचते म्हणून सकाळी त्यांनी आठवणीनं उशी आणली होती. त्या उशीवर बसून मी टोचनवाल्याचा नंबर शोधला होता. मला माझीच लाज वाटली. पर्स उघडली.

"चमकीवाली नको," मजीदभाई म्हणाले. "चमकीतून करंट धावते." म्हणजे दुसरी, मावसबहिणीच्या लग्नासाठी घेतलेली कोरी मरून. दोन हात दिले, वाळवले, टोपी बसवली. अर्ध्या चावीत गाडी सुरू झाली आणि बाबा लहान पोरासारखे हसले.

दीड वाजता खाप्याला पोचलो. "जय भीम," आत्या दारातच म्हणाली, आणि भावाला, "पायी आला काय गा?" पाटवडी-रस्सा, ज्वारीची भाकरी, वर ताक. तुमची कोणी आत्या तिथं नसेल तर डबा न्या आणि कन्हान नदीच्या काठी सावली बघून खा.

परतीला गाडी एकदाही खोकली नाही. साडेपाचला प्रताप नगर लागलं. घर दोन गल्ल्यांवर राहिलं आणि गाडी थांबली, अगदी गुपचूप. मी टाकीचं झाकण उघडून गाडी हलवली. आत टिपूस नाही! दिवसभर पेट्रोल उकळेल म्हणून घाबरलो, आणि ते संपलं होतं.

शेजारचे जोशीकाका स्कूटर थांबवून म्हणाले, "दोर आणू का? माझ्या कारनं टोचन करून घेऊ."

बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "आणा," ते हळूच म्हणाले. "अट म्हणजे अट."

"काही दोर-बीर नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की जोशीकाका दचकले. "अट टोचनची होती, धक्क्याची नाही. बाबा, तुम्ही आत बसा, स्टिअरिंग धरा."

एप्रिलच्या उन्हात दोन गल्ल्या मी ती गाडी ढकलली. एका वळणावर जोशीकाकांनीही खांदा दिला.

आता थोडं कामाचं. फडका लावायचाच तर पिळून लावा, वरून ओतू नका. गाडी फटफटली की पंपाआधी टोपी उघडून आत ओल आणि काळी रेघ बघा. नवी टोपी आली, तिच्यावर आम्ही माझा भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवलाय. बोटांची टोकं कापली की चार प्लगच्या, एक कॉइलची, पाचही वायरी बरोब्बर बाहेर येतात आणि पाणी आत जात नाही.

गिऱ्हाइकाला मीच फोन करून नाही म्हटलं. माझी गाडी अजून करंजाखालीच असते. रोज सकाळी बाबा तिची काच पुसून ठेवतात, त्याच ओल्या फडक्यानं.