काकूंना मीच घरी पाठवलं

आज मला रागवा, यार. दिल्लीतल्या मुनिरका भागातल्या माझ्या खोलीवर येऊन तास झाला, अजून ॲप्रन काढलेला नाही.

सध्या माझी पोस्टिंग सर्जिकल आयसीयूत आहे. युनिटमध्ये मराठी येणारी मी एकटीच स्टुडंट, म्हणून साताऱ्याकडच्या एका काकूंशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचे फौजी यजमान पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते. काकूंना हिंदी जेमतेम कळायचं.

सकाळी सीनियर सर मला म्हणाले, "इन्हें साफ बता दो, आज का दिन निकलना मुश्किल है. पास ही रहें."

"काय म्हणतात गं साहेब?" काकूंनी माझा हात धरला.

मला सांगवेना. म्हटलं, "प्रयत्न चालू आहेत, काकू."

त्यांचा चेहरा केवढा उजळला! "मग क्वार्टरवर जाऊन येऊ का? पाच दिवस देवापुढं दिवा नाही. अंघोळ करते, दिवा लावते, लगेच येते."

मी म्हटलं, "या जाऊन."

अकरा वाजता काका गेले. काकू साडेबाराला आल्या. केस ओले, हातात अंगाऱ्याची पुडी. सरांनी मान खाली घातली, तेव्हाच त्यांना कळलं.

खूप वेळाने त्यांनी मला विचारलं, "तू होतीस ना गं जवळ? बोललीस ना त्यांच्याशी मराठीत?"

मी तेव्हा पलीकडच्या बेडवर ड्रेसिंग करत होते.

"हो," म्हटलं मी.

सकाळचं खोटं चुकलंच माझं. हे दुसरं तरी बरोबर होतं का, सांगाल?