माहेर दिसते तं ऑफ

आमच्या सोनाळ्यातल्या अर्ध्या गावाची नक्कल मी करते, पण मोठ्या काकांच्या बायकोची, आशाबाईची, करताना मजा निराळीच. पदर कमरेला खोचायचा, कुरडईचा सोऱ्या पोटाशी दाबायचा अन् ती मला हाक मारते तसं ओरडायचं, "संजे, ऑफ का फ्रॉम वं?"

मी तिला मोठी आई म्हणते. नववीतून लग्न करून दिलेली मोठी आई शेहेचाळिसाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसली, माझ्याच शाळेत, अन् दुसऱ्या खेपेला माझ्याच बरोबर. लेखी पेपरांचं तिला काही नव्हतं. धाक होता तो इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचा. मागच्या साली खुर्चीवरच्या मास्तरांनी नुसतं नाव विचारलं, तर हिचा आवाजच निघाला नाही. तशीच उठून घरी आली.

"यंदा बी तसंच झालं तं पुस्तकं चुलीत घालीन," म्हणाली.

मग मीच मास्तर झाले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज नाकातून. "व्हॉट इज धिस मेऽड ऑफ?"

"पाट. मेड ऑफ वूड."

"अँड धिस?"

कुरडईपाशी गाडी अडायची. 'मेड ऑफ' कुठं अन् 'मेड फ्रॉम' कुठं, हा पुस्तकातला नियम मी तीनदा वाचला. शेवटी तिनं पुस्तकच मिटलं.

"हे पाह्य. पाटात लाकूड दिसते नं? माहेर दिसते तं ऑफ. गहू तीन दिस भिजवला, वाटला, चीक काढून शिजवला. आता कुरडईत गहू वळखू येते का? माहेर पुसलं. फ्रॉम."

"अन् गोधडी?"

"माह्या मायचं लुगडं दिसते तिच्यात. ऑफ."

"अन् तू वं, मोठी आई?"

"त्याचे मार्क हायेत का? पुढचं इचार!"

परीक्षेला ती डबा घेऊन गेली. तिच्यामागं माझा नंबर, म्हणून मी दाराशीच उभी. मास्तर लुकडे, दर वाक्याआधी खाकरायचे. "अंहं, येस, येस. टेल मी, व्हॉट डू यू मेक?"

मोठी आई मांडीवरच्या डब्याकडंच पाहत बसली. गेलं हे साल बी, मला वाटलं.

तेवढ्यात डब्याचं झाकण वाजलं. "सर, धिस कुरडई. मेड फ्रॉम व्हीट. थ्री डेज वॉटर."

मास्तरांनी तुकडा मोडून थेट तोंडात टाकला.

"नोको! नो सर, नो! फर्स्ट ऑइल! ऑइल हॉट, कुरडई बिग, देन यू ईट!"

बिचारे गिळेनात, थुंकेनात. अन् मोठी आई सुटली ती थांबेचना. ऊन झालं, मीठ झालं, वाळवण झालं. कावळ्याला इंग्रजी शब्द सापडेना, तर दोन्ही हात फडफडवून "काव काव, सर!"

ती बाहेर आली. मास्तरांची नक्कल करायला मी तोंड उघडणार, तोच तिनं गाल फुगवले, डोळे बारीक केले अन् खाकरली. "अंहं, येस, येस. व्हेरी गुड, आशाबाई." कच्च्या कुरडईसकट हुबेहूब!

आतून हाक आली, "नेक्स्ट!" अन् हसून हसून माझाच आवाज निघेना.