शेवटी बोलावेत

फ्रिजवर लेकीनं एक चिठ्ठी लावलीय. ती आणि तिच्या मैत्रिणी एका मालिकेतल्या पात्रांवर स्वतःच्या गोष्टी लिहितात. एकीनं हवी ती गोष्ट मागायची, दुसरीनं ती लिहून द्यायची. लेकीच्या वाट्याला आलेली मागणी अशी: "गुरुजींनी पोरक्या विक्रमला मुलगा मानावं. विक्रम आणि गुरुजींचा खरा मुलगा कडकडून भांडावेत, पण शेवटी बोलावेत."

चहा हातातच निवला. मागितलं की मिळतं होय असं?

माझा मित्र शेखर. त्याच्या वडिलांनी, नानांनी, मला सातवीपासून सांभाळलं. माशाचा मोठा तुकडा एके दिवशी शेखरच्या ताटात, दुसऱ्या दिवशी माझ्या. पाळी कधी चुकली नाही. माझ्या लग्नात वडिलांच्या जागी पाटावर तेच बसले. शेखरनं तेव्हा स्वतः मांडव घातला. मी त्याला भाऊच समजत होतो. नाना गेल्याचं मला पाचव्या दिवशी वाण्याच्या दुकानात कळलं. धावत गेलो, तर शेखर दार अडवून म्हणाला, "फक्त घरच्यांनाच कळवलं रे."

त्या 'रे'चा राग अजून जात नाही.

"बाबा, भांडणातलं एक वाक्य सांग ना," लेक म्हणाली. "खऱ्या मुलाच्या तोंडचं."

मी शेखरचं तेच वाक्य सांगितलं. तिनं लिहिलं, वाचलं आणि खोडून टाकलं.

"असं म्हटल्यावर ते पुन्हा बोलणार कसे, बाबा?"