गठडीच्या तळाची रुई

जुबैदा रुई घ्यायला आली, की पुसदचे व्यापारी जरा सावरून बसत. गठडीच्या तोंडाशी दिसणाऱ्या पांढऱ्याशुभ्र रुईकडे ती ढुंकूनही पाहत नसे. बाही सारून हात थेट कोपरापर्यंत आत घालायची, तळची मूठभर रुई उजेडात धरायची आणि म्हणायची, "वरचा थर तर सगळेच सजवतात, शेठ."

तिचा आणि गुलाम नबीचा गाद्या भरण्याचा धंदा. कापसाचा भाव पार कोसळून लोकांच्या हाती पैसा उरला नव्हता, त्या वर्षांतली ही गोष्ट. नवी गादी कोणी करवत नव्हतं. जुनीच उसवून, रुई पिंजून, थोडी नवी घालून पुन्हा भरून घेत. काम भरपूर होतं आणि दोघं त्यात सुखी होते. घोर एकच, नाहिदचा.

नाहिद आठ वर्षांची, एकुलती एक. बिनसलं की हाताला येईल ते भिरकवायची, चावायची, भिंतीवर डोकं आपटायची. दोन शाळांनी तिला घरी पाठवलं होतं. जाड गादीत गुंडाळून, डोकं तेवढं बाहेर ठेवलं की मात्र ती निवायची. ही युक्ती जुबैदाला दुकानातच सापडली होती.

गुलाम नबीच्या थोरल्या भावानं अशा मुलांसाठीची अमरावतीची निवासी शाळा सुचवली. तिथं फरशी लखलखत होती आणि मुलं हाताची घडी घालून ओळीत बसलेली. जुबैदानं आतल्या खोल्या पाहायला मागितल्या, तर पालकांना आत सोडत नाहीत, असं उत्तर आलं. जिथं हात आत घालू देत नाहीत तिथला माल आपण घेत नाही, असं तिनं नवऱ्याला फाटकाबाहेरच सांगून टाकलं.

मग पुसदमध्येच प्रभावतीबाईंची अशाच मुलांची खाजगी शाळा पाहिली. भाड्याचं घर, सगळी दारं उघडी. एक मुलगा टेबलाखाली लोळत रडत होता आणि एक शिक्षिका त्याच्याशेजारी जमिनीवर निवांत बसली होती. बाईंच्या मनगटावर दातांचे वण होते. त्यांनी ते पदराखाली झाकले नाहीत. जुबैदाचं मन तिथंच बसलं. पण जागा एकच होती, आणि बाई मुलीला एक सकाळ पाहिल्याशिवाय घेणार नव्हत्या.

त्या सकाळी जुबैदानं नाहिदला बराच वेळ गादीत गुंडाळून ठेवलं, आवडीचा शिरा भरवला, ईदचा फ्रॉक घातला, वेण्या घातल्या. शाळेत नाहिद मणी ओवत बाहुलीसारखी बसली. बाई शेवटी म्हणाल्या, की हिला साध्या शाळेत घाला. ही जागा गरज असलेल्या मुलाला देऊ.

गुलाम नबीचा चेहरा खुलला. लेक ठीक आहे, असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं चपलाही चढवल्या. जुबैदा मात्र उठेना. गप्प राहिली तर घरी जाताना ते सुख पदरात होतं, आणि शाळा हातची जात होती.

"बाई, मी तुमाले वरचाच थर दाखवला," ती म्हणाली आणि गादीपासून शिऱ्यापर्यंत सगळं सांगून बसली.

गुलाम नबी दारातूनच म्हणाला, "अन् बाजारात लोकायले शिकवत फिरते."

बाई हसल्या. "उद्या आणा. वेणी घालू नका, शिरा नको, गादी नको."

दुसऱ्या दिवशी नाहिदनं मण्यांचा डबा उधळला, पाण्याचा पेला खिडकीबाहेर फेकला आणि बाईंच्या हाताला कडकडून चावली. जुबैदा माफी मागत धावली. नाहिदला पाठीमागून घट्ट कवेत धरून बाई जमिनीवर बसल्या होत्या.

"आता झाली ओळख," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून पाठवा."

सोमवारी गुलाम नबीनं सायकलवर नाहिदला पुढं बसवलं आणि मागं एक जाड गादी बांधली, शाळेच्या कोपऱ्यात टाकायला. सायकलमागून चालत आलेल्या जुबैदानं ती रात्रंदिवस खपून भरली होती.

शाळेत टाकलेल्या गादीची कड बाईंनी चाचपली. "उसवून पाहू काय, जुबैदाबी?"

"पाहा ना," जुबैदा म्हणाली. "पण तिले उठवा लागते पहिले."

नाहिद केव्हाच गादीखाली शिरली होती. नुसतं डोकं बाहेर होतं.