वर उचलून मग

मंगळवारी दुपारी माझा नवरा वारला. मी मंडईत होते. त्याचा फोन आला. "येताना लिंबं आण, आणि" एवढं तो बोलला आणि फोन कट झाला. मी घरी पोचले तेव्हा शेजारी दारात उभे होते.

त्या "आणि"च्या पुढे काय होतं ते मला माहीत नाही. कोथिंबीर असेल. फोनवर तो कधी मोठं काही बोलत नसे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे सांगायचंय तेही एका तुटलेल्या वाक्याबद्दल आहे, आणि या दोन वाक्यांची गल्लत केलेली मला चालणार नाही. फोनचं काही ठाऊक नसताना ती गल्लत एकाने केली आहे. त्याच रागाने मी हे लिहिते आहे.

माझा नवरा खडकीच्या कारखान्यात कारकून होता. मी शाळेत मराठी शिकवत असे. नोकरी होती तोवर आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहिलो, मग वारज्याला फ्लॅट घेतला. इथे आल्यावर त्याने आयुष्यातली एकमेव कादंबरी लिहिली. तिच्यात एक निवृत्त माणूस क्वार्टरची किल्ली परत करतो आणि खडकीहून बसने वारज्याला येतो. घडतं ते एवढंच. बाकी सगळं त्याच्या डोक्यात चालतं आणि ते बाहेरून सांगणारा कोणी नाही. 'त्याला वाटलं' नाही, 'तो मनाशी म्हणाला' नाही. सिग्नलला बस थांबते, तो मेलेल्या आईशी भांडतो, पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कानातले केस बघतो, पेन्शनच्या अर्जावर कुठली सही राहिली ते आठवतो, पुन्हा आईशी भांडतो. समीक्षक याला संज्ञाप्रवाह म्हणतात. नवऱ्याला तो शब्द पटत नसे. "मन कुठे वाहतं? आपल्या नळासारखं आहे ते. येतं, जातं, मध्येच नुसती हवा."

लिहिण्याची त्याची पद्धत मात्र माझा जीव खायची. मी मेथी निवडायला बसले की तो समोर येऊन बसायचा आणि म्हणायचा, डोक्यात येईल ते मोठ्याने बोल. मी बोलू लागे आणि लगेच सावध होई. वाक्यं आपोआप नीटनेटकी होत, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. "तू विचारसुद्धा फळ्यावर लिहिल्यासारखा करतेस," असं म्हणून तो उठून जाई. पण एकदा मी काहीतरी बोलत असताना कुकरची शिट्टी झाली आणि मी वाक्य तिथेच टाकून गॅसकडे धावले. परत येऊन बघते तर हा खूश. मनातलं वाक्य कधी संपत नाही, त्याला कोणीतरी उठवतं, हे त्याला त्या दिवशी सापडलं म्हणे.

त्याच आठवड्यात त्याने शेवट लिहिला. कादंबरीचं बाकीचं सगळं नंतर लिहून झालं. शेवटची ओळ अशी आहे: "किल्ली दिली पण मोरीच्या खिडकीच्या कडीचं सांगायचं राहिलं ती अशी लागत नाही वर उचलून मग". इथे पान संपतं. माणसाचा स्टॉप आलेला असतो, तो उतरतो. मी तेव्हाच म्हणाले होते की लोकांना वाटेल पुढची पानं गळली. तो म्हणाला, "वाटू दे. बाइंडरला शिव्या देतील."

ती कडी आमच्याच क्वार्टरची. वर उचलायची आणि मग आत ढकलायची. क्वार्टरच्या त्या रांगेतल्या प्रत्येक घराला तशीच होती. यात गूढ काहीही नाही.

प्रकाशक त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, पेठेत ऑफिस आहे. नवरा होता तेव्हा बाड बराच काळ त्याच्या टेबलावर पडून होतं. विचारलं की उत्तर एकच, जरा जड आहे, लोकांना झेपणार नाही. नवरा गेल्यावर हा भेटायला आला, माझे दोन्ही हात धरून रडला आणि म्हणाला की वर्षश्राद्धाला पुस्तक काढू. मला बरं वाटलं होतं.

मग प्रूफं आली. पहिल्याच पानावर 'अपूर्ण कादंबरी' असं छापलेलं. मागे प्रकाशकाचं निवेदन. त्यातलं एक वाक्य: 'मग... मग काय, हे सांगायला लेखक उरला नाही.' आणि त्यानंतर एका प्राध्यापकांनी लिहून दिलेलं, कादंबरी पूर्ण करणारं प्रकरण. त्यात बसमधून उतरलेला माणूस नदीकाठी जाऊन बसतो. 'जीवन हाही एक प्रवाहच नाही का, असे त्याच्या मनात आले.' असे त्याच्या मनात आले! सबंध पुस्तकात त्या माणसाच्या आणि वाचकाच्या मध्ये कोणी उभं राहिलं नव्हतं. हे गृहस्थ शेवटच्या प्रकरणात येऊन उभे राहिले, आणि त्यांना कडीचं काहीच माहीत नव्हतं.

मी प्रूफं घेऊन पेठेत गेले. विचारलं, हे बाड तुमच्याकडे तो असतानाच आलं होतं, तेव्हाही हाच शेवट होता, आठवत नाही का? चष्मा पुसत त्याने कबूल केलं की तेव्हा शेवटपर्यंत जाणं झालं नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, परवा ते पान वाचलं आणि डोळ्यांना धार लागली. हात तिथेच थांबला हो त्याचा."

"हात नाही थांबला. बस थांबली."

"असेल. पण वाचकाला कुठे माहीत आहे? अपूर्ण म्हटलं की माणूस हळवा होऊन वाचतो. एरवी हे असलं कोण वाचणार आहे?"

मी म्हणाले, 'अपूर्ण' काढा, निवेदन काढा, प्रकरण काढा. तो म्हणाला, प्राध्यापकांना काय सांगू?

"मग मी बाड घेऊन जाते."

"न्या. ठेवा देवघरात."

मुलगी बंगळुरूला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती वैतागली. "आई, छापू दे ना. बाबांचं नाव तरी झालं असतं. शेवटच्या पानावर एवढं कोण अडून बसतं?" मी म्हणाले, मी बसते. ती म्हणाली, तू अगदी त्यांच्यावर गेलीस, आणि तिने फोन ठेवला. तिचंही खरं आहे. वर्षश्राद्धाला आलेल्यांनी पुस्तकाचं विचारलं तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

राग नवऱ्याचाही येतो. एक ओळ लिहून ठेवायला काय झालं होतं, की हा शेवट आहे? पण तो म्हणाला असता, असं सांगावंच लागलं तर मग शेवट तसा लिहायचा कशाला.

लिहिणारा माणूस गेला की त्याचं काहीतरी अर्धं राहिलेलं असायलाच हवं, असं लोकांना वाटतं. त्याशिवाय त्यांच्या रडण्याला जागा मिळत नाही. त्याचं जे खरोखर अर्धं राहिलं ते मला फोनवर मिळालं, आणि ते मी त्या प्रकाशकाला सांगितलेलं नाही. त्याने ते मलपृष्ठावर छापलं असतं.

त्यानंतर आणखी दोन प्रकाशकांनी बाड वाचून परत केलं. ते पुढच्या खोलीतल्या कपाटात आहे. कादंबरी पूर्ण आहे.